अकरा तासांचं बंदर

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत 'हो ची मिन्ह सिटी' असं ठळक छापलेलं असतं आणि पुढे कंसात, बारीक अक्षरात, 'फू मी'. सगळी गोम त्या कंसात आहे. जहाज लागतं ते फू मीला, काय मेप-थी वाय नदीकाठच्या मालवाहू बंदरात. तिथून सायगॉनचा (हो ची मिन्ह सिटीचं हे जुनं नाव) मध्यभाग ७० ते ७५ किलोमीटर, म्हणजे रस्त्याने दीड ते दोन तास. गंमत अशी की १ जुलै २०२५ रोजी व्हिएतनामने प्रांतांची फेररचना केली, बा रिया-वुंग ताऊ हा प्रांत हो ची मिन्ह सिटीत विलीन झाला आणि कागदोपत्री आता फू मीसुद्धा त्या शहराचाच भाग आहे. त्यामुळे पत्रिकेला खोटं म्हणायची सोय उरली नाही. अंतर मात्र होतं तेवढंच आहे.

जहाज थेट शहरात का जात नाही? सायगॉन नदी शहराच्या मधून वाहते खरी, पण तिची वळणं अवघड आणि खोली बेताची. शिवाय नदीवर २००९ साली झालेला एक पूल आहे, त्याच्याखाली जेमतेम ४५ मीटर मोकळी उंची मिळते. तीन-चार हजार माणसं वाहणारं जहाज त्याखालून जाऊ शकत नाही. (या पुलाचं नावही फू मीच. बंदराशी त्याचा काही संबंध नाही, पण नकाशात शोधताना हमखास गल्लत होते.) लहान जहाजं मात्र अजूनही शहरातल्या खान्ह होई धक्क्यापर्यंत जातात. तिथून शहराच्या मध्यातलं जुनं पोस्ट ऑफिस गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. त्याच धक्क्याजवळच्या न्हा रोंग बंदरातून ५ जून १९११ रोजी 'बा' असं नाव सांगून एक तरुण फ्रेंच जहाजाच्या भटारखान्यात कामाला लागला आणि तीस वर्षांनी हो ची मिन्ह होऊन देशात परतला. आता तिथे संग्रहालय आहे. आपलं जहाज कुठे लागणार, फू मीला की खान्ह होईला, हे तिकीट काढतानाच विचारावं. दिवसाचे तीन-चार तास या एका उत्तरावर अवलंबून असतात.

फू मीला उतरल्यावर समोर काय दिसतं? क्रेनी आणि कंटेनर. प्रवाशांसाठी वेगळं टर्मिनल नाही, आणि बंदराच्या आवारात पायी फिरायला बंदी. गेटपर्यंत शटल बस सोडते. गेटबाहेर महामार्ग, कारखाने आणि गिऱ्हाइकाची वाट बघणारे टॅक्सीवाले. 'उतरून जरा आसपास फिरू' हा बेत इथे चालत नाही. एक तर आधी ठरवून निघायचं, नाहीतर जहाजावर थांबायचं.

पण दिवसातली एक उत्तम गोष्ट बंदर येण्याआधीच घडते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. वुंग ताऊपाशी पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, चढतो आणि जहाज खाडीत शिरतं. सातला धक्क्याला लागायचं असेल तर ही वेळ पहाटेची. उजव्या हाताला वुंग ताऊच्या टेकडीवर हात पसरून उभा असलेला ३२ मीटर उंचीचा येशू आणि गावातले दिवे. डाव्या हाताला नुसता काळोख. हा काळोख म्हणजे कान यो. उजाडायला लागलं की त्यातून खारफुटीची सलग हिरवी भिंत वर येते. मध्येच एखादी खाडी आत वळलेली, तिच्या तोंडाशी कोळ्याची नाव.

हे जंगल माणसांनी पुन्हा लावलेलं आहे. युद्धात, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकी विमानांनी इथे वनस्पतिनाशकं फवारली. सायगॉनकडे येणाऱ्या जहाजांवर हल्ले करणारे लोक याच खारफुटीत दडत. बहुतेक जंगल मेलं. १९७८पासून पुन्हा लागवड सुरू झाली, तीही कांदळाची. कांदळाची शेंग झाडावर असतानाच रुजते आणि खाली लांब कोंब धरते. कोंबासकट पडलेल्या या शेंगा दक्षिण टोकाच्या का माऊहून बोटींनी आणल्या गेल्या आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात एकेक करून उभ्या खोचल्या गेल्या. २००० साली युनेस्कोने सुमारे ७५,००० हेक्टरांचा हा प्रदेश जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्य केला. डेकवरून नीट पाहिलं तर लांबच लांब पट्ट्यात झाडांचे शेंडे एका पातळीत दिसतात. ते एका वयाचे आहेत म्हणून. जहाजाच्या डाव्या बाजूचा वरचा उघडा डेक यासाठी सगळ्यात चांगला. त्या वेळी बहुतेक जण न्याहारीच्या रांगेत असल्यामुळे तो रिकामाच असतो.

एक खुलासा करायला हवा. हा त्रिभुज प्रदेश मेकाँग नदीचा नव्हे, तो दोंग नाय आणि सायगॉन या नद्यांचा. मेकाँगची मुखं इथून दक्षिणेला आहेत. सहलीच्या जाहिरातीत सगळं पाणी 'मेकाँग डेल्टा' या एकाच नावाखाली येतं, म्हणून सांगितलं.

आता दिवसाचा हिशेब. समजा जहाज सकाळी सातला लागतं आणि संध्याकाळी सहाला सुटतं. अकरा तास. सकाळच्या सरकारी तपासणीत आणि गट पाडून बसमध्ये बसवण्यात एक तास जातो. चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. उरले नऊ-साडेनऊ. मेकाँगची सहल जिथून सुरू होते ते मी थो गाव सायगॉनच्या पुढे आणखी ७० किलोमीटर, म्हणजे फू मीपासून सुमारे १४०. (इंग्रजी नकाशा वाचून आपण 'माय थो' म्हणतो. बसवाला मी थोच म्हणतो.) जायला पावणेतीन ते तीन तास, यायला तेवढेच. नवातून सहा वजा केले की हातात तीन राहतात. या तीन तासांत होडी, बेट, जेवण आणि वर सायगॉनही बसवायचं असेल तर सायगॉन बसच्या काचेतून दिसतं. सहलपत्रिकेतला 'पॅनोरमिक' हा शब्द तेच सांगत असतो: खाली उतरायचं नाही.

म्हणून शहर आणि त्रिभुज प्रदेश एका दिवसात दोन्ही दाखवणारी सहल दिसली की तिच्यातले बसचे तास आधी मोजावेत. ते पाचाच्या वर गेले तर एक ना धड भाराभर चिंध्या. जहाज रात्री मुक्कामाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा एक दिवस नदीला आणि एक शहराला देता येतो. एकच दिवस असेल तर एकच निवडावं. आमचं मत विचाराल तर नदी निवडावी. सायगॉनला मुंबईहून थेट विमान आहे, शहर पुन्हा कधीही पाहता येईल. पण गुडघे दुखत असतील, बरोबर लहान मूल असेल किंवा बसमध्ये मळमळत असेल, तर शहरच बरं. सहा तास बसमध्ये बसून तीन तास होडीचे, हा व्यवहार प्रत्येकाला परवडणारा नाही.

कागदांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टला व्हिएतनामचा व्हिसा लागतो. ई-व्हिसाच्या अर्जात प्रवेशाचं ठिकाण निवडावं लागतं. तिथे सवयीने विमानतळ निवडला आणि आलो बंदरातून, असं झालं तर खोळंबा ठरलेला. आपल्या फेरीसाठी नेमका कोणता व्हिसा चालतो ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्यावं. जहाज सिंगापूरहून सुटून तिथेच परतणार असेल तर सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे का, तेही बघावं.

घड्याळाची चूक सगळ्यात जास्त वेळा होते. व्हिएतनाम सिंगापूरच्या एक तास मागे आहे आणि भारताच्या दीड तास पुढे. काही जहाजं आपली वेळ बदलतच नाहीत. मोबाइल मात्र किनाऱ्याचं सिग्नल मिळताच स्वतःहून बदलतो. सहलीची आणि परतीची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवलं की दिवसभर डोकं शांत राहतं.

रस्त्याचा पहिला टप्पा रुक्ष आहे. ५१ क्रमांकाचा महामार्ग, कंटेनरचे ट्रक, औद्योगिक वसाहती. मग द्रुतगती मार्ग. त्यावर दुचाकींना बंदी असल्याने बस पळते. सायगॉनला बगल देऊन मी थोकडे वळल्यावर खिडकीबाहेर पाहण्यासारखं सुरू होतं. २०१० साली खुल्या झालेल्या या रस्त्याचा बराच भाग भातखाचरांवरून खांबांवर उचलून नेला आहे. जमीन इतकी मऊ की भराव टिकला नसता. खाचरांच्या मधोमध पांढऱ्या-निळ्या थडग्यांचे छोटे पुंजके दिसतात. घरातली माणसं घरच्याच शेतात पुरायची इथली रीत. याच दिशेने १८८५ साली फ्रेंचांनी देशातली पहिली रेल्वे घातली होती, सायगॉन ते मी थो, ७० किलोमीटर. ती १९५८ साली बंद पडली. त्याहून जुना, १८७७चा चो गाव कालवा मात्र अजूनही चालू आहे, आणि तांदूळ व वाळूचे पडाव आजही त्यातूनच सायगॉनकडे जातात.

मी थोच्या धक्क्यावर पोचल्यावर पहिल्यांदा दिसतं ते पाणी, आणि बरेच जण हिरमुसतात. गढूळ, चहाच्या रंगाचं, त्यावर जलपर्णीचे तरंगते ताटवे. तिबेटच्या पठारावरून निघून चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया असं चार हजारांहून जास्त किलोमीटर आलेलं हे पाणी आहे, आणि त्या रंगातच सगळं काही आहे. व्हिएतनाममधला ४०,००० चौरस किलोमीटरांच्या आसपासचा त्रिभुज प्रदेश या गाळानेच बनला. देशातला निम्म्याहून जास्त तांदूळ इथे पिकतो. जलपर्णीसुद्धा इथे वाया जात नाही. देठ वाळवून त्यांच्या टोपल्या आणि चटया विणतात.

नदीत ओळीने चार बेटं आहेत, ड्रॅगन, युनिकॉर्न, कासव आणि फिनिक्स यांच्या नावांची. फिनिक्स बेटावर एका इसमाने सिमेंटचे खांब आणि ड्रॅगन उभारून स्वतःचा पंथ काढला होता. फ्रान्समध्ये रसायनशास्त्र शिकून आलेला हा माणूस नारळावरच जगत असे म्हणतात, म्हणून लोक त्याला नारळबुवा म्हणत. १९७५नंतर सरकारने पंथ बंद केला, खांब उरले आहेत. क्रूझच्या सहली बहुधा युनिकॉर्न बेटावर, म्हणजे थोई सॉनला जातात. २००९ साली झालेला राक मियू पूल याच बेटाच्या टोकावरून पलीकडच्या बेन त्रेला जातो. त्याआधी सगळा कारभार फेरीबोटीवर चाले.

इथे एक दुसरं घड्याळ सुरू होतं. समुद्र ४०-५० किलोमीटर लांब असला तरी मी थोला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. मोठ्या होडीला फरक पडत नाही, पण बेटाच्या आतल्या अरुंद ओढ्यांत वल्ह्याची नाव चालते ती पाणी असेपर्यंत. ओहोटी खोल असली की ओढ्यात चिखलाच्या उतरणी उघड्या पडतात आणि नावा तळाला घासत जातात. म्हणून गाइड कधी आधी होडी आणि मग जेवण, कधी आधी जेवण अशी उलटापालट करतो. 'आधी ठरलं होतं तसं का नाही' असा वाद घालण्यात अर्थ नसतो, त्याने भरतीचं वेळापत्रक बघितलेलं असतं. आणि पाणी खाली असेल तर फुकट गेलं असंही नाही. तेव्हाच चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे दिसतात.

वल्ह्याच्या नावेत चार जण बसतात, पुढे एक वल्हवणारी, मागे एक. चढताना एकेकाने, पाय नावेच्या मधोमध ठेवून. उभं राहून फोटो काढायचा नाही. आणि बोटं काठाच्या बाहेर ठेवायची नाहीत, कारण ओढा दोन नावांपुरताच रुंद असतो, समोरून येणारी नाव घासून जाते आणि बोट मध्ये सापडतं. या सहलीतली नेहमीची दुखापत हीच. फेरी पंधरा-वीस मिनिटांची. दोन्ही बाजूंना निपा पाम. माडासारख्या झावळ्या, पण खोड दिसत नाही. खोड चिखलाखाली आडवं पसरलेलं असतं आणि झावळ्या थेट गाळातून वर आलेल्या. त्यांचीच छपरं शाकारतात. उतरताना वल्हवणाऱ्या बाईच्या हातावर वीस-पन्नास हजार डोंग (तिथलं चलन) ठेवायची पद्धत आहे.

मग मधाचा चहा. पेटीतली मधमाश्यांची चौकट गाइड हातात धरून आणतो आणि 'बोट बुडवून चाखा' म्हणतो. ज्यांना मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आहे त्यांनी दुसऱ्या टोकाच्या टेबलाशी बसावं. त्यानंतर फळं, तिखटमिठासोबत. आणि फळं खाताना गाणं. हे गाणं बहुतेक जण मोबाइल बघत ऐकतात, ते चुकतं. 'दोन का ताय तू' नावाची ही दक्षिणेतली मैफलीची परंपरा, २०१३ साली युनेस्कोच्या यादीत आलेली. साथीला असलेल्या गिटारकडे जवळ जाऊन बघावं. तिच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून खोल केलेलं असतं, म्हणजे तार बोटाने आत दाबली की स्वर चढत-घसरत जातो. हे सगळं मींडेसाठी. पाश्चात्त्य वाद्यावर आपला स्वर काढायचा म्हणून वाद्यच तासलं. तीन गाण्यांत मैफल संपते आणि दक्षिणेची टोपली फिरते.

नारळाची गोळी हा बेन त्रेचा खास माल. तिचा कारखाना म्हणजे एक उघडी शेड. खवलेल्या खोबऱ्याचं दूध दाबयंत्रातून निघतं. ते माल्टचा पाक आणि साखर यांच्याबरोबर मोठ्या कढईत पडतं आणि घोटलं जातं. पूर्वी हाताने घोटत, आता कढईवर मोटरने फिरणारा घोटा बसवलेला असतो. वेळ साधारण तासभर. लवकर उतरवलं तर गोळी ओली राहून कागदाला चिकटते, उशीर झाला तर तेल सुटून ती रवाळ आणि कडक होते. पाकाचा गोळा तेल लावलेल्या लाकडी साच्यांत पसरतात आणि निवता निवता पट्ट्या काढून चौकोनी तुकडे करतात. समोर बसलेल्या बाया एकेक तुकडा आधी तांदळाच्या पातळ, खाता येणाऱ्या कागदात आणि मग छापील कागदात गुंडाळतात, आणि बोलता बोलता गुंडाळतात. आतला कागद सोलत बसू नये, तो सोलून निघत नाही आणि खायचाच असतो. पाकिटावर 'साऊ रियंग' असेल तर ती ड्युरियनची चव. बहुतेक जहाजांवर ड्युरियन न्यायला बंदी असते आणि केबिनमध्ये हे पाकीट उघडलं की बंदी का ते कळतं.

त्याच शेडमध्ये नाग घातलेल्या दारूच्या बाटल्या मांडलेल्या असतात. फोटो काढावा, विकत घेऊ नये. नागाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि भारतात ती बाटली घेऊन उतरणं म्हणजे वन्यजीव कायद्याची भानगड विकत घेणं.

तरंगता बाजार मात्र या सहलीत नसतो, आणि तो नाही म्हणून रुसणारे बरेच असतात. प्रसिद्ध बाजार काय रांगचा, कान थो शहराजवळ. तो सायगॉनहून सुमारे १७० किलोमीटर, आणि भरतो पहाटे. मी थोहून जवळ काय बेचा बाजार होता, तो रस्ते आणि पूल झाल्यावर ओसरत गेला. माल ट्रकने जायला लागल्यावर होडीवर विकणार कोण?

गाइडच्या तोंडी सहसा येत नाही ती गोष्ट नदीतच समोर असते. पाण्यात काठापर्यंत बुडालेले जड पडाव जाताना दिसतात. त्यांत वाळू असते. वरच्या देशांतल्या धरणांनी गाळ अडवला, खाली उरलेली वाळू बांधकामाला उपसली जाते, आणि विहिरींतून भूजल खेचल्यामुळे जमीन खचते आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत या प्रदेशाची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची एक मीटरही भरली नाही. उन्हाळ्यात नदीचा जोर कमी झाला की खारं पाणी आत चढतं. २०१६ आणि २०२० साली ते इतकं आत आलं की बेन त्रेत पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागलं आणि फळबागा वाळल्या. बेन त्रेच्या बा लाय या नदीच्या मुखावर बांध घालून दारं बसवली, तीही खारं पाणी थोपवायला. गोव्यातली खाजणं आणि त्यांच्या मानशी, म्हणजे पाण्याची दारं, पाहिलेल्या माणसाला हे चटकन उमगेल: भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडायचं. बा लायला पूर्ण नदीलाच असं दार आहे. नदीचं वाहणं थांबल्याने आत गाळ आणि घाण साठते, अशी तिथे तक्रार आहे. मधाच्या चहाच्या टेबलावर गाइडला 'यंदा पाणी किती खारं झालं?' एवढंच विचारावं. पाठ केलेलं भाषण थांबतं आणि माणूस बोलायला लागतो.

ज्यांनी शहर निवडलं त्यांच्या हातात पाच-साडेपाच तास असतात. त्यातले दीड तास युद्ध अवशेष संग्रहालयाला. सुरुवात वरच्या मजल्यावरून करावी, दोन्ही बाजूंनी युद्धात मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांचं प्रदर्शन तिथे आहे. एजंट ऑरेंज या वनस्पतिनाशकाच्या परिणामांचं दालन लहान मुलांना दाखवायचं की नाही, ते आईवडिलांनी दारातच ठरवावं. जवळच स्वातंत्र्य राजवाडा, ३० एप्रिल १९७५ रोजी ज्याच्या फाटकातून रणगाडा आत घुसला तो. नोत्र दाम चर्चचं दुरुस्तीकाम २०१७पासून चालू आहे, तेव्हा ते बाहेरूनच. त्याच्या समोर पोस्ट ऑफिस, १८९१ साली पूर्ण झालेलं. ते आयफेलने बांधलं असं गाइड हमखास सांगतात, पण आराखडा मारी-आल्फ्रेड फुलू या सरकारी वास्तुविशारदाचा. आत शिरल्यावर वर कमानींकडे सगळेच बघतात. दोन बाजूंच्या भिंतींवर रंगवलेले मोठे नकाशे आहेत, एक १८९२च्या सायगॉन परिसराचा आणि दुसरा १९३६चा, तारायंत्राच्या जाळ्याचा. दुसऱ्यात सगळा दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडिया आहे. नदीच्या फाटे फुटलेल्या मुखांवर नजर फिरवत पाच मिनिटं तिथे काढावीत, मी थोला न जाता मेकाँग पाहण्याची ती एक सोय.

बेन थान बाजारात घासाघीस करायची तर निम्म्यापासून सुरुवात करावी. तिथून चालत तीन-चार मिनिटांवर त्रुओंग दिन्ह रस्त्यावर तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे. तिथे आज उदबत्ती लावणाऱ्यांत व्हिएतनामी माणसंच जास्त. जाता जाता: व्हिएतनामच्या नेत्याच्या थडग्यावर शिवाजी महाराजांचं नाव कोरलंय, असं ढकलपत्र मराठी व्हॉट्सॲप गटांत वर्षानुवर्षं फिरतं. त्याला कसलाही आधार नाही, आणि हो ची मिन्ह यांचं पार्थिव तर हनोईत आहे. गाइडला त्यावरून छळू नये.

शहरातल्या शहरात नदी हवी असेल तर बाख दांग धक्क्यावरून जलबस मिळते. २०१७ साली सुरू झाली, तिकीट पंधरा हजार डोंगांच्या आसपास. थान दाच्या वळणापर्यंत जाऊन यायला सव्वा-दीड तास पुरतो, आणि उंच इमारतींच्या मागे अजून हिरवं, पाणथळ सायगॉन शिल्लक आहे ते दिसतं.

रस्ता ओलांडायची युक्ती एकच. एकसारख्या संथ चालीने चालत राहायचं, थांबायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही. दुचाकीवाले तुमची चाल बघून वळण ठरवतात. दचकून मागे पाऊल टाकलं की त्यांचा हिशेब चुकतो. मोटारी आणि बस मात्र असं वळत नाहीत, त्यांना जाऊ द्यावं.

शाकाहारी मंडळींनी सहल नोंदवतानाच सांगावं, जेवणाच्या वेळी सांगून उपयोग नाही, कारण बेटावरचं जेवण आधी ठरलेलं असतं. मधोमध उभा तळलेला अख्खा मासा हाच तिथला मानाचा पदार्थ. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी, हे दोन शब्द बौद्ध परंपरा असलेल्या या देशात सगळ्यांना कळतात. अडतं ते चटणीच्या वाटीत, तिच्यात माशाचा रस असतो. त्याऐवजी सोया सॉस मागावा. पैशांचं म्हणाल तर शेवटची तीन शून्यं झाकून उरलेल्याला साडेतीनने गुणलं की रुपयांचा अंदाज येतो. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. टॅक्सीत अंधाऱ्या जागी पैसे देताना हे लक्षात ठेवावं.

परतीचं पक्कं करूनच निघावं. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेरून ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. बाहेरची गाडी निम्म्या पैशांत मिळते हे खरं, पण मग मी थोला दुपारी एकच्या पुढे थांबू नये, आणि शहरात तीनच्या. शुक्रवार-शनिवारी वुंग ताऊकडे जाणारी सायगॉनची गर्दी याच रस्त्यावर उतरते, तेव्हा अर्धा तास आणखी धरावा. टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणाच्या आसपास तर एक तास. पासपोर्टची प्रत आणि जहाजाच्या दैनिक पत्रकात छापलेला स्थानिक एजंटचा नंबर कागदावर खिशात ठेवावा, मोबाइलची बॅटरी संपलेली असू शकते. जहाज चुकलंच तर पहिला फोन त्या एजंटला. पासपोर्ट जहाजाकडे असेल तर सुटण्याआधी तो बहुधा त्याच्याकडे दिला जातो. आणि पुढच्या बंदरापर्यंतचं विमान आपल्याच खर्चाने.